करंजखडकचा पाणाड्या

फार वर्षांपूर्वीची ही हकीकत. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. आमच्या गावात अमकं लहानूच्या आधीचं आणि तमकं लहानूच्या नंतरचं, एवढाच हिशेब लोकांना येतो. ही खुद्द लहानूच्या वेळची.

गावाचं नाव करंजखडक, आणि गाव नावासारखंच. कुदळ मारली की ठिणगी उडायची. सगळ्या शिवारात विहिरी दोनच होत्या, एक इनामदाराच्या मळ्यात आणि दुसरी गावठाणात. गावाबाहेर एक वस्ती होती, तिला दोन्ही विहिरींवर मज्जाव होता. त्या वस्तीतल्या बाया कोसभर चालत ओढ्यावर जायच्या, वाळूत झिरे उकरायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. एक घागर भरेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं.

लहानू त्या वस्तीतला. जमीन नाही, बैल नाही, दगड फोडून पोट भरायचा. वस्तीत मिशनची शाळा निघाली आणि सदोबा मास्तर तिथं शिकवायला आले, तेव्हा लहानूनं, त्याच्या बायकोनं म्हणजे सारजेनं आणि आणखी आठ घरांनी बाप्तिस्मा घेतला. सदोबा मास्तरांनी लहानूला प्रार्थना शिकवली. पहाटे उठावं, दुसरं कुठलंही काम हाती धरण्याआधी देवापुढं बसावं, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. लहानूला ते इतकं पटलं की त्यानं त्यात आपलं एक घातलं. तो नुसता बसायचा नाही, माळावर जाऊन कपाळ जमिनीला टेकायचा आणि तसाच राहायचा. सारजा म्हणायची, माझा नवरा सकाळी भाकरीच्या आधी माती खातो.

असं म्हणतात, एका पहाटे तो तसा टेकलेला असताना त्याला खालून आवाज आला. लांब कुठंतरी बाई दळायला बसावी आणि जात्याची घरघर भिंतीपलीकडून ऐकू यावी, तसा. तो उठला, दहा पावलं पुढं जाऊन टेकला, आवाज कमी झाला. मागं येऊन टेकला, आवाज वाढला. त्यानं वस्तीला बोलावलं. लोकांनी खणलं. अठरा हातांवर पाणी लागलं, आणि त्या वस्तीतल्या बायांनी जन्मात पहिल्यांदा दोरानं पाणी ओढलं.

जमिनीखालचं पाणी कुठं आहे हे जो सांगतो, त्याला आमच्याकडं पाणाड्या म्हणतात. कुणी तळहातावर नारळ धरून चालतो, कुणी कडुलिंबाची बेचकी धरतो. लहानूकडं यातलं काहीच नव्हतं. सदोबा मास्तरांनी विचारलं, "लहानू, हे तू कसं करतोस?"

"मी काही करत नाही, मास्तर. मी देवापाशी गेलो होतो. वाटंत ऐकू आलं."

"मग देवापाशीच जात जा," मास्तर म्हणाले. "वाटंत काय ऐकू येईल ते त्याच्यावर सोड."

पुढच्या नऊ वर्षांत लहानूनं अकरा गावांना पाणी दाखवलं. जिथं त्यानं खुंटी मारली तिथं पाणी लागलं नाही असं झालं नाही. ज्या पाटलांच्या ओसरीवर त्याचा बाप पाय ठेवू शकला नसता, त्या पाटलांच्या बैलगाड्या त्याला न्यायला येऊ लागल्या. वस्तीतल्या लोकांना अभिमान वाटायचा. लहानूलाही वाटायचा, आणि त्यात काही वावगं नव्हतं.

पण गाडी पहाटे यायची. लांबचा पल्ला, ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून गाडीवान घाई करायचा. लहानू म्हणायचा, आज गाडीतच प्रार्थना करतो. मग गाडीत झोप लागायची. रविवारी उपासनेला मास्तर त्याची जागा बघायचे आणि ती रिकामी असायची, कारण रविवारी बाजार नसल्यानं पाटलांना सवड असायची. सारजेनं एकदा विचारलं, "आता पहाटे माळावर जात न्हाई तुम्ही?"

"शिवारात टेकतोच की कपाळ. दिवसातनं चारदा टेकतो."

"ते पाण्यासाठी."

लहानूच्या मनात आलं की पाणी म्हणजे देवाचंच काम. माणसांना पाणी मिळतं, यापेक्षा मोठी प्रार्थना कुठली? हे त्याला खरंच वाटत होतं. खोटं असतं तर त्याला लवकर कळलं असतं.

आवाज एका दिवसात गेला नाही. आधी तो बारीक झाला. मग कधी यायचा, कधी नाही. लहानू जास्त वेळ टेकून राहू लागला, कपाळाऐवजी कान टेकू लागला. लोकांना वाटायचं, केवढा भक्त आहे.

मग धामणटेकच्या लोकांनी त्याला बोलावलं. धामणटेक करंजखडकपासून तीन कोस. सगळं गाव वाजतगाजत त्याला शिवारात घेऊन गेलं. लहानू टेकला. काहीच ऐकू आलं नाही. दुसरीकडं टेकला, तिथंही नाही. दुपार झाली, लोक उन्हात उभे होते, म्हाताऱ्या बाया पदर पसरून बसल्या होत्या. त्याला रिकाम्या हातानं परत जायची लाज वाटली. त्यानं एका जागी खुंटी मारली आणि म्हणाला, "इथं आहे."

विहीर खणायला तिथलाच यल्लाप्पा वडार आला. त्याच्यासारखा खणणारा त्या मुलखात नव्हता. त्याची बायको नागम्मा टोपलीनं माती वर काढायची आणि भाऊ दुर्गाप्पा दोर धरायचा. वीस हातांवर मुरूम संपला. तीस हातांवर काळा दगड लागला. चाळीस झाले, दगड कोरडाच. यल्लाप्पानं लहानूला निरोप पाठवला, आणखी किती? लहानूनं उलट निरोप दिला, थोडंच राहिलं. पन्नासाव्या हातावर वरची कड सुटली आणि यल्लाप्पा खाली दबला.

निरोप कळताच लहानू तीन कोस पळत गेला. विहिरीत उतरायला कुणी धजत नव्हतं, कड अजून सुटत होती. लहानू उतरला. त्यानं एकट्यानं दगड बाजूला केले आणि यल्लाप्पाला पाठीला बांधून पन्नास हात वर आणलं. असं म्हणतात, तो चढत असताना वरून एक खडासुद्धा पडला नाही, आणि त्याचा पाय काठावर लागल्याबरोबर अर्धी विहीर खाली बसली. यल्लाप्पा मात्र केव्हाच गेला होता.

लोक म्हणाले, नशीब. म्हणाले, खडकाचा काय भरवसा. लहानूला तिथून गप्प निघून जाता आलं असतं, कुणाच्या मनात शंका नव्हती. तो नागम्मापुढं उभा राहिला आणि सगळं गाव ऐकत असताना म्हणाला, "मला इथं काही ऐकू आलं नव्हतं. मी खोटं बोललो."

नागम्मानं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या हातात रिकामी टोपली होती, ती तिनं खाली ठेवली. दुर्गाप्पा त्याच्या अंगावर धावून गेला, लोकांनी धरला म्हणून लहानू वाचला.

त्यानंतर लहानूनं पाणाड्याचं काम सोडलं. गाड्या येत राहिल्या, तो हात जोडून परत पाठवायचा. लोक चिडले, मग हसू लागले, आणि त्याचं नाव पडलं बहिरा लहानू. तो पहिल्यासारखा दगड फोडायला लागला, पण स्वतःच्या घरासाठी एक दिवस आणि नागम्माच्या घरासाठी एक दिवस. यल्लाप्पा करत होता ती कामं तो करायचा. नागम्मानं पहिलं वर्षभर त्याला दारात उभं केलं नाही. तो फोडलेली खडी तिच्या झोपडीसमोर ढीग करून निघून यायचा. दुसऱ्या वर्षी तिनं ढिगाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. असं सात वर्षं चाललं.

आणि पहाटेची प्रार्थना त्यानं पुन्हा धरली. आता माळावर नाही जायचा. वस्तीतल्या लोकांनी उपासनेसाठी एक देऊळ बांधलं होतं, चर्चला आमच्याकडं देऊळच म्हणतात. दगडमातीच्या भिंती, वर पन्हाळी कौलं, आत शेणानं सारवलेली जमीन. नऊ वर्षं लागली होती ते उभं राहायला, कारण दिवसभर दुसऱ्याचं काम करून संध्याकाळी उरलेल्या उजेडात त्यांनी एकेक दगड चढवला होता. सदोबा मास्तरांनी आढ्याचं लाकूड स्वतः खांद्यावर वाहून आणलं होतं. त्या देवळात दाराजवळ, सगळ्यांत मागं, लहानू पहाटे कपाळ टेकायचा. खालून काहीही ऐकू यायचं नाही.

एकदा दुर्गाप्पानं त्याला टोचून विचारलं, "काय मिळतं रे तुला अजून तिथं डोकं टेकून? कान तर गेले तुझे."

"आधी मिळायचं म्हणून जाऊ लागलो, तिथंच चुकलो," लहानू म्हणाला. "आता नुसता जातो."

मग तो दुष्काळ आला. सलग तिसरं वर्ष पाऊस नाही. वस्तीची अठरा हातांची विहीर आटली, गावठाणातली आटली, आणि पौषात इनामदाराच्या मळ्यातली विहीरही तळ दाखवू लागली. ओढ्यात झिरे कितीही खोल उकरले तरी ओली वाळूच हाती यायची. जनावरं सोडून दिली. माणसं गाव सोडून निघाली, ज्यांना चालवत नव्हतं ती राहिली.

इनामदारानं मुलखातले सगळे पाणाडे जमवले. नारळवाले आले, बेचकीवाले आले, एकजण तर काळी शेळी घेऊन आला होता आणि ती बसेल तिथं पाणी म्हणत होता. सहा ठिकाणी खड्डे झाले, सहाही कोरडे. शेवटी कुणीतरी इनामदाराला लहानूची आठवण करून दिली.

"बहिरा झालाय ना तो?" इनामदार म्हणाला. "असू दे. आणा."

रविवारची सकाळ होती. इनामदाराचा कारभारी घोड्यावरून वस्तीत आला तेव्हा देवळात उपासना सुरू झाली होती. त्यानं दारातून हाक मारली, "लहानू, चल, मालकांनी बोलावलंय."

लहानू म्हणाला, "उपासना झाली की येतो."

"गाव मरतंय, आणि तू बसून राहतोस?"

"उपासना झाली की येतो, कारभारी."

कारभारी परत गेला आणि थोड्या वेळानं इनामदार स्वतः आला. तो दारात उभा राहिला. त्याच्यामागं गावातली दहावीस माणसं कुदळी घेऊन उभी राहिली. सदोबा मास्तर थांबले नाहीत, लहानू वळून बघेना. प्रार्थनेची वेळ आली आणि सगळ्यांनी डोकी वाकवून डोळे मिटले. लहानूनं कपाळ जमिनीला टेकलं.

आणि खालून जात्याची घरघर ऐकू आली.

सारजा पलीकडच्या रांगेत होती. तिनं नंतर सांगितलं की त्यांचे खांदे एकदम ताठ झाले, आणि मला वाटलं, आता हे उठतील. सोळा वर्षांपूर्वीचा लहानू उठलाच असता. बाहेर कुदळी घेऊन माणसं उभी होती, गाव तहानेनं मरत होतं, इनामदार दारात होता, आणि सात वर्षं ज्याला लोक बहिरा म्हणत होते त्याच्या कानात पाणी वाजत होतं. त्याला वाटलं, थांबलो आणि आवाज पुन्हा गेला तर? मग त्याला वाटलं, गेला तर जाऊ दे. ज्याच्यापाशी आलोय तो कुठं जात नाही.

तो उठला नाही. प्रार्थना संपली, मग गीत झालं, मग मास्तरांनी आशीर्वाद दिला. त्या दिवशी मास्तरांचं प्रवचनही नेहमीपेक्षा लांबलं होतं असं म्हणतात, आणि ते का लांबलं हे मास्तरांनाही सांगता आलं नाही. सगळे बाहेर पडल्यावर लहानू मास्तरांजवळ गेला.

"मास्तर, पाणी आहे."

"कुठं?"

लहानूनं पायाखाली बोट दाखवलं.

मास्तरांनी त्या सारवलेल्या जमिनीकडं पाहिलं. "नीट ऐकलंस?"

"नीट ऐकलं. अगदी मधोमध. देऊळ ठेवून खणता यायचं नाही."

हे बाहेर कळलं तेव्हा कुणी आनंदानं ओरडलं नाही. वस्तीतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. एक म्हातारी म्हणाली, "आमच्याकडं दुसरं आहे काय? एवढं एक घर आहे, जिथं आम्हाला कुणी बाहेर उभं करत नाही." दुसरा म्हणाला, "सात वर्षं बहिरा होता. आणि नेमकं आज, नेमकं इथंच ऐकू आलं?"

इनामदारानं वेळ घालवला नाही. तो मास्तरांना म्हणाला, "मातीचंच देऊळ आहे. पाडा. पावसाळ्यानंतर मी तुम्हाला दगडी बांधून देतो, कळस असलेलं. विहीर माझ्या खर्चानं होईल. पाणी कुणी भरायचं ते मग मी ठरवीन."

मास्तर म्हणाले, "म्हणजे आम्ही नाही भरायचं."

"तुम्हाला वेगळा हौद बांधून देतो."

मास्तरांनी लहानूकडं पाहिलं. लहानू म्हणाला, "मालक, हे पाणी देवाच्या घरात निघतंय. इथं येईल त्यानं भरायचं. तुमच्याही माणसांनी, आमच्याही. हौद नको, कळस नको."

इनामदाराचा चेहरा बदलला. तो घोड्यावर बसला आणि म्हणाला, "मग खणून दाखवा. इथं जो कुदळ मारील त्याला माझ्या गावात काम नाही." कुदळी घेऊन आलेली माणसं त्याच्यामागं निघून गेली.

सदोबा मास्तर दिवसभर देवळात एकटे बसून राहिले. त्यांना कुणी हाक मारली नाही. ऊन कलल्यावर ते बाहेर आले, शिडी लावली, वर चढले आणि पहिलं कौल काढून खाली उभ्या असलेल्या लहानूच्या हातात दिलं.

"मी नऊ वर्षं देवाला घर बांधत होतो," ते म्हणाले. "त्याला पाणपोई हवी होती, ते मला कुठं ठाऊक?"

मग वस्तीतली सगळी माणसं आली. म्हातारीही आली. दोन दिवसांत देऊळ उतरलं, कौलं एकीकडं, दगड एकीकडं, आढं एकीकडं. पण काळा खडक खणणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. वस्तीतल्या लोकांनी आठ हात मुरूम काढला आणि पुढं पहार चालेना. इनामदाराच्या भीतीनं कुणी खणणारा येईना. लहानू तीन कोस चालत धामणटेकला गेला आणि नागम्माच्या दारात उभा राहिला.

नागम्मा दारात बसून सुपातले खडे निवडत होती. सुपात धान्यापेक्षा खडेच जास्त होते.

"ऐकू आलं म्हणतात तुला," ती म्हणाली.

"आलं."

"तेव्हाही असंच सांगितलं होतंस."

"तेव्हा आलं नव्हतं. पाणी दाखवायचंच होतं मला, म्हणून बोललो."

"आणि आता?"

"आता पाणी मागायला गेलो नव्हतो. तरी आलं."

दुर्गाप्पा मागं उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, ह्याच्या शब्दावर एक माणूस गेला आपला."

नागम्मानं सूप बाजूला ठेवलं. "तो खोटं बोलला ते आपल्याला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. "त्यानंच सांगितलं. दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?" मग ती लहानूला म्हणाली, "मी येते. पण रोज सकाळी पहिल्यांदा तू खाली उतरायचं. तू वर आलास की मी उतरणार."

तसंच ठरलं. यल्लाप्पाचा घण नागम्मानं काढला, दुर्गाप्पानं दोर घेतला. रोज पहाटे लहानू एकटा दोरानं खाली उतरायचा, तळाच्या खडकाला कपाळ टेकायचा, प्रार्थना करून वर यायचा. कधी वेळ लागायचा. दुर्गाप्पा दोर धरून वर कुरकुरायचा, पण दोर सोडायचा नाही. मग नागम्मा उतरायची आणि तिच्या घणाचा आवाज दुपारपर्यंत यायचा. त्या दिवसांत तिच्या घणाची ठिणगी विहिरीतून काठापर्यंत उडायची, असं म्हणतात. देवळाचे दगड लोक लगेच विहिरीला बांधत जायचे, म्हणजे कड सुटू नये. भिंतीतले दगड पुरून उरले. आढ्याच्या लाकडाचा रहाट झाला.

पंचवीस हात झाले. तीस झाले. खडक कोरडा. पस्तिसाव्या हाताला वस्तीतली माणसं विहिरीकडं यायची थांबली. प्यायला आता काहीच नव्हतं, बाया पळसाची मुळं चघळायला देत होत्या. सारजेनं एका रात्री विचारलं, "अजून ऐकू येतं का?"

लहानू म्हणाला, "खाली उतरल्यावर मी ऐकतच नाही."

"मग काय करता?"

"बसतो त्याच्यापाशी."

सारजेनं दिवा मालवला.

एकोणिसाव्या दिवशी लहानू पहाटे उतरला आणि प्रार्थना झाल्यावर वर आला नाही. त्यानं खालून सांगितलं, नागम्मालाही सोडा. ती उतरली. त्यानं तिला कपाळाजवळची जागा दाखवली, तिथं खडकाला घाम आला होता. नागम्मानं घण उचलला आणि तीन घाव घातले. तिसऱ्या घावाला खडक फुटला.

इथून पुढं लोक जे सांगतात, ते मी ऐकलं तसं सांगतो. पाणी सुटलं ते हत्तीच्या सोंडेएवढं. अशा वेळी तळातला माणूस वर येत नाही, हे खणणाऱ्यांना माहीत असतं. पण असं म्हणतात, पाणी त्या दोघांच्या घोट्यापर्यंत आलं आणि थांबलं. फुटलेल्या खडकातून धार चालूच होती, तरी पाणी चढत नव्हतं. दुर्गाप्पानं आधी नागम्माला ओढलं, मग लहानूला. लहानूचा पाय काठाला लागला, आणि मग पाणी चढायला लागलं. संध्याकाळपर्यंत ते इतकं वर आलं की लहान पोरांनी वाकून हात बुडवले. त्यानंतर ते कधी उतरलं नाही. पाणी आधीपासूनच तिथं होतं की त्या रविवारी आलं, यावर गावात अजून वाद आहे.

गाव धावत आलं. इनामदाराची माणसंही आली. पहिल्या दिवशी ती तोंडाला उपरणं गुंडाळून, ओळखू येणार नाही अशी आली. तिसऱ्या दिवशी उघड्या तोंडानं आली. इनामदार स्वतः आला नाही, त्याची आई आली, आणि रांगेत उभी राहिली.

पण त्याआधी, पाणी लागलं त्या घटकेला, लहानूनं पहिली घागर भरली आणि ती नागम्मापुढं धरली. सगळी वस्ती कोरड्या जिभेनं भोवती उभी होती. नागम्मानं ओंजळ पुढं केली नाही. तिनं घागर डोक्यावर घेतली आणि धामणटेकची वाट धरली. कुणाला काही समजेना. लहानूला समजलं, तो तिच्यामागून निघाला. मग सदोबा मास्तर निघाले, मग सारजा, आणि मग एकेक करत सगळी वस्ती. वडारांत माणूस पुरतात. यल्लाप्पाला पुरलं होतं तिथं नागम्मानं घागर नेऊन ओतली. त्या मातीनं ते पाणी लगेच पिऊन टाकलं. नागम्मा म्हणाली, "आता प्या." तेव्हा लोक परत फिरले. तीन कोस जाऊन, तीन कोस येऊन त्यांनी पहिला घोट घेतला. त्या चालण्यात एकही माणूस खाली पडला नाही. म्हातारी सगळ्यांच्या पुढं होती.

लहानूला पुढं पुष्कळ गावांनी बोलावलं, पण तो गेला नाही. नागम्माच्या घरची खडी मात्र त्यानं सोडली नाही. हाताला घण पेलेनासा झाला तेव्हा नागम्मानंच त्याला सांगितलं, आता पुरे. पहाटे उठून विहिरीभोवतीची जागा झाडायची आणि मग तिथंच कपाळ टेकायचं, एवढं त्यानं शेवटपर्यंत ठेवलं. एका सकाळी तो टेकलेला तसाच राहिला. सारजा विहिरीच्या काठावर बसून वाट बघत होती. तिला वाटलं, आज प्रार्थना लांबली. ऊन तिच्या पायांवर आलं, मग गुडघ्यांवर आलं. तेव्हा ती उठली आणि मास्तरांना बोलवायला गेली.

करंजखडकला आता नवं देऊळ आहे, विहिरीपासून थोडं बाजूला. चैत्रातल्या पहिल्या रविवारी तिथं लहानूबाबाचा दिवस पाळतात. त्या दिवशी पहाटे विहिरीतून एक घागर काढतात आणि वस्तीतला एकजण ती डोक्यावर घेऊन पायी धामणटेकला जातो. तिथं यल्लाप्पाच्या घरचे लोक अजून आहेत. ते त्याच्याबरोबर यल्लाप्पाला पुरलं त्या जागेवर जातात, घागर ओततात, आणि परतीच्या वाटेला त्याच्या फडक्यात दोन भाकऱ्या बांधून देतात. तो येईपर्यंत करंजखडकात घंटा वाजवत नाहीत आणि वस्तीतलं कुणी पाणी पीत नाही. देवळाची दारं उघडी ठेवून सगळे बाहेर जमिनीवर बसतात. त्या दिवसांत ऊन लवकर तापतं, आणि जाऊन येऊन वाट सहा कोसांची आहे. लहान पोरं मधूनच उठून वाटेकडं बघून येतात. मोठी माणसं बसून असतात.